‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की छोट्या क्लायंटच्या पंचवीस-तीस साइट्स एकट्याने सांभाळायच्या असतील तर वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरची मल्टिसाइट सोय घ्या, म्हणजे वर्डप्रेस एकच आणि त्याच्या पोटात सगळ्यांच्या साइट्स. त्यावर ‘सडेतोड’ या नावाने प्रतिक्रिया आलीय. म्हणणं थोडक्यात असं: एक साइट हॅक झाली की सगळ्या जाणार, त्यापेक्षा ह्यूगो वापरून स्टॅटिक साइट (आधीच तयार केलेल्या पानांची, डेटाबेस नसलेली) बनवा, स्पीडही मिळेल, ‘क्लायंटला मार्कडाउन शिकवायला एक तास पुरतो’ (मार्कडाउन म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा घालून लिहायची पद्धत). आणि शेवटी, ‘लेखकाने कधी सर्व्हर सांभाळलेला दिसत नाही, ही आळशी लोकांची दुकानदारी आहे.’

तिथल्या तिथे चार ओळी टाकणार होतो, पण वाढत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

आधी ते शेवटचं वाक्य. तुमचं मत वेगळं असेल तर बिनधास्त मांडा, या ब्लॉगवर आजवर कुणाची प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण समोरच्याला ओळखत नसताना त्याने काय सांभाळलं आणि काय नाही हे तुम्ही एका लेखावरून ठरवून मोकळे होता, तेही टोपणनावाआडून, ही कुठली सडेतोड वृत्ती? मुद्दा चुकलाय म्हणा, ऐकून घेईन. आळशी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि सर्व्हरचं विचारलंच आहे तर सांगतो. वर्डप्रेसच्या आधी माझ्या सगळ्या साइट्स ड्रुपल ७ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होत्या. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपलमधल्या एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरच्याला डेटाबेसमध्ये शिरू देणाऱ्या भोकाची) ती कुप्रसिद्ध बातमी आली, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नंतर ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमनेच जाहीर केलं की सात तासांत, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारपर्यंत, ज्यांनी पॅच (दुरुस्ती) मारला नाही त्यांनी साइट हॅक झालीय असंच धरून चालावं. पॅच केवढा, तर डेटाबेसच्या फाइलमधली एक ओळ! माझा ड्रुपलचा कोड सगळ्या साइट्सना मिळून एकच होता, त्यामुळे ती ओळ मी एकदाच बदलली आणि झोपलो. माझा एक मित्र प्रत्येक क्लायंटला वेगळं इन्स्टॉल देणारा, तुमच्याच पंथातला, तो रात्रभर एकेका एफटीपीत शिरून तीच ओळ बदलत बसला होता आणि तरी काही राहिल्याच. आता यातला आळशी कोण आणि शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा.

(ड्रुपलच्या मल्टिसाइटमध्ये डेटाबेस वेगवेगळे ठेवता येतात, वर्डप्रेसमध्ये एकच असतो, हे तुम्ही म्हणणार. माहितीये मला. पण ड्रुपल ८ आलं ते अपग्रेड नव्हतंच, साइट नव्याने बांधायची होती, आणि दुकानाचा पत्ता नि फोन नंबर दाखवणाऱ्या साइटचे दुसऱ्यांदा पैसे कोण देणार? म्हणून वर्डप्रेस.)

त्याच २०१४ च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या रेव्होल्यूशन स्लायडर या फिरती चित्रं दाखवणाऱ्या प्लगइनचं प्रकरण झालं, त्यातल्या भोकातून साइट्स हॅक झाल्या आणि गूगलने ११ हजारांवर डोमेन ब्लॅकलिस्टमध्ये टाकली. ते प्लगइन विकतच्या थीमसोबत आत भरून यायचं, त्यामुळे अपडेट आल्याची सूचनाही मालकाला दिसत नव्हती. मल्टिसाइटमध्ये प्लगइन टाकायचा हक्क फक्त सुपर ॲडमिनला, म्हणजे मला. क्लायंटचा भाचा कुठूनतरी फुकटची थीम आणून चढवू शकत नाही. माझ्या लेखी मल्टिसाइट घ्यायला एवढं एकच कारण पुरेसं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आता तो एक तास. हे वाक्य वाचून मी खरंच हसलो. साहेब, तुमचे क्लायंट कोण आहेत? माझ्याकडे मंगल कार्यालयं आहेत, दोन शाळा आहेत, लॅब आहे आणि पतसंस्था आहेत. पतसंस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे नोटीस आणि अहवाल साइटवर टाकायची सगळ्यांची घाई एकाच महिन्यात. मजकूर येतो श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) टाइप केलेला, तो वेबवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणेपर्यंत रफार आणि जोडाक्षरं विस्कटलेली. हे करणाऱ्या क्लार्क मॅडम एकीकडे काउंटरवर पासबुक भरून देत असतात आणि दुसरीकडे मोबाइलवरून ठेवींचे व्याजदर बदलतात. त्यांना मी क्लासिक एडिटर लावून दिलाय, वर्डसारखा दिसतो, तेवढं त्यांना पुरतं.

यांना तुम्ही मार्कडाउनसोबत गिट (फाइलमधले बदल नोंदवून वर चढवायचं साधन) शिकवणार? समजा शिकवलं. मॅडमनी फाइलच्या वरच्या भागात शीर्षक लिहिलं, ‘ठेव योजना: दामदुप्पट’. अवतरणचिन्हं टाकली नाहीत, कोण टाकतं? त्या मधल्या कोलनवर यॅमल (त्या वरच्या भागाची लिहायची पद्धत) अडकतं, बिल्ड, म्हणजे साइटची पानं तयार होणं, फेल होतो, साइटवर जुनेच दर राहतात आणि मॅडमना वाटतं बदल झाला. दुसऱ्या दिवशी सभासद जुन्या दराचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर हजर. फोन कुणाला येणार, तुम्हाला का मला? डेकॅप सीएमएस लावा (सीएमएस म्हणजे मजकूर सांभाळायचं सॉफ्टवेअर) असंही म्हणाल, तर गिटहब बॅकएंड घेतला, म्हणजे मजकूर गिटहबवर ठेवला, की प्रत्येकाला गिटहबचं खातं काढावं लागतं. काढून द्या ना तुम्ही, सांगलीला या, चहा माझ्याकडून.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हो. कंटेंट स्वतः डेव्हलपरच लिहिणार असेल तर ह्यूगोसारखं दुसरं काही नाही, मीही वापरतो. पण ज्याने मजकूर बदलायचा त्याच्या हातात काय टिकेल ते बघून सीएमएस निवडायचा असतो, आपल्याला काय आवडतं ते बघून नाही.

बाकीचे मुद्दे पटकन. एक हॅक झाली की सगळ्या जाणार: इन्स्टॉल वेगवेगळे म्हणून निर्धास्त असलेले बरेच जण ते सगळे होस्टिंगच्या एकाच सीपॅनल खात्यात ॲडऑन (जोड) डोमेन म्हणून टाकतात, सगळ्या फाइल्सचा मालक एकच युजर, मग एका घरातून दुसऱ्यात शिरायला कितीसा वेळ लागतो? स्पीड: कॅशिंग (तयार पान साठवून तेच पुन्हा देणं) लावलं की मंगल कार्यालयाच्या साइटला पुरेसा मिळतो. पुढे.

एक मात्र मान्य. मल्टिसाइटमधून एकच साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची तर कटकट आहे. युजर्सचं टेबल सगळ्यांचं सामाईक, अपलोड्सचे पाथ वेगळे, डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला कमांड द्यायच्या साधनाने सर्च-रिप्लेस मारत बसावं लागतं. यावर लेखात एकच ओळ होती, अजून दोन हव्या होत्या. झालं समाधान?

आता माझी एक विनंती. तुम्ही बनवलेली अशी एक ह्यूगोची साइट दाखवा जिथे दुकानदार किंवा शाळेचा क्लार्क गेलं वर्षभर तुमच्या मदतीशिवाय मजकूर बदलतोय. लिंक टाका, मी स्वतः त्यावर लेख लिहीन. आणि तोपर्यंत ‘दुकानदारी’ वगैरे जरा जपून, इथे वाचणारे बरेच जण याच दुकानावर घर चालवतात.

मराठी शीर्षक लांब असलं की पोस्टची लिंक मधेच का तुटते असं एकांनी विचारलंय, त्यांना उत्तर उद्या देतो (स्लगला, म्हणजे लिंकमधल्या शीर्षकाच्या भागाला, २०० कॅरॅक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह एन्कोड झालं की नऊ खातं, हिशोब करून बघा). आज सर्व्हरवर पीएचपीचं (वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या भाषेचं) व्हर्जन बदलायचंय. एकदाच.