प्रत्येक चिरेला एकच उत्तर : ‘ड्राय फायर’

मिशिगनचा आर्चरी, म्हणजे धनुष्यबाणानं हरणाच्या शिकारीचा, हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. नऊ दिवस उरलेत आणि माझ्या क्रॉसबोचा, म्हणजे घोड्याच्या आडव्या धनुष्याचा, लिम्ब (वाकणारी पाती) गेला. डाव्या जोडीतला वरचा. कडेवरून कापसाचा बोळा फिरवताना तो अडकला. टॉर्च लावून पाहिलं तर पॉकेटच्या (लिम्ब बसवायच्या खोबणीच्या) तोंडाशी, लिम्ब वाकायला जिथून सुरुवात होते तिथून, दोन इंच लांब चीर कडेकडेनं गेलेली आणि फायबरचं कुसळ वर उभं राहिलेलं. दोरी जागच्या जागी. सर्व्हिंगचा (दोरीवर गुंडाळलेल्या दोऱ्याचा) एक धागा सुटलेला नाही. दोन्ही कॅम (लिम्बच्या टोकांवरची चाकं) सरळ, त्यांचे आस म्हणजे ॲक्सल सरळ. वय दोन हंगाम, मारलेले बाण जेमतेम तीनशे.

कंपनीला सहा फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं : फोटोंवरून हे नुकसान ड्राय फायरचं, म्हणजे बाण न लावता दोरी सोडल्याचं, दिसतं, वॉरंटी लागू होत नाही. आणि त्याच ईमेलच्या तळाशी नव्या, आणखी वेगवान मॉडेलवर सवलतीचा कोड!

अरे, ड्राय फायर झालेलं धनुष्य कसं दिसतं हे तुम्हाला ठाऊक नाही का? बाण नसताना दोरी सुटली की बाणानं घेऊन जायची ती ऊर्जा लिम्ब, कॅम आणि दोरीतच उलटी फिरते. मग दोरी तुटते किंवा कॅमवरून उतरते, कॅमची कड वाकते, ॲक्सलपाशी लिम्बची टोकं फुटतात. इथे यातलं काय आहे? एकाच लिम्बच्या मुळाशी एक चीर आणि बाकी सगळं धड, याची कारणं बहुतेक वेळा दुसरी असतात : साच्यात रेझिन (चिकट राळ) फायबरमध्ये नीट भिनलेलं नसतं, कडा घासताना बारीक खाच राहिलेली असते, नाहीतर लिम्ब पॉकेटमध्ये सपाट न बसल्यामुळे सगळा भार एका रेषेवर येत असतो. तिन्ही गोष्टी कारखान्यातल्या. शिवाय बाण नसेल तर दोरी अडवणाऱ्या ॲन्टी-ड्राय-फायर खटक्याची जाहिरात करून हाच माल विकता. तो खटका चालतो यावर तुमचाच विश्वास नाही?

‘ड्राय फायर’ हा शब्द या धंद्यात फाइल बंद करायला वापरतात. वापरणाऱ्यानं सिद्ध करायचं की झालं नाही. कसं करायचं?

आता सुरुवात झालीच आहे तर वेगाबद्दलही बोलायचं आहे. खोक्यावर छापलेला तो फूट प्रतिसेकंदाचा आकडाच लिम्ब खातो. वेग वाढवायचा तर ताण वाढवा, नाहीतर दोरीचा प्रवास लांबवा. त्यात हल्ली ताणल्यावर रुंदी सहा-सात इंचच हवी, म्हणून लिम्ब आखूड करायचे. कमी मालात जास्त ऊर्जा कोंबायची. ट्रकचे पाटे निम्म्या लांबीचे करून वर दुप्पट माल लादला तर काय होईल, हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल.

आणि हे कशासाठी? बाणाच्या ऊर्जेचा हिशेब करा. बाणाचं वजन ग्रेन या छोट्या एककात, गुणिले फूट प्रतिसेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. ४०० ग्रेनचा बाण ३३० वेगानं सुटला तर ९७ फूट-पाउंड भरतात. ४०० वेगानं १४२. व्हाइटटेल हरणाला ४० पुरेसे मानतात. तीस यार्डांवर ३३० चा बाण साधारण ०.२७ सेकंदात पोचतो, ४३० चा ०.२१ मध्ये. धनुष्याचा आवाज मात्र ०.०८ सेकंदात हरणाच्या कानावर असतो, दोन्ही वेळा बाणाच्या खूप आधी. सहा शतांश सेकंदांसाठी लिम्बचं आयुष्य पणाला लावायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

हलक्या बाणांच्या चाचण्या करून ‘बघा किती वेग’ दाखवणाऱ्यांचाही राग येतो. बाण जितका हलका, तितकी जास्त ऊर्जा लिम्बमध्ये थरथर होऊन मागे राहते, म्हणजे थोडाथोडका ड्राय फायरच तो. पुस्तिकेत लिहिलेलं किमान वजन, बहुतेक ठिकाणी ४०० ग्रेनच्या आसपास, ही सूचना नव्हे, मर्यादा आहे. डब्यावर छापलेलं वजन अनेकदा टोकाशिवायचं असतं. म्हणून नॉक (दोरीवर टेकणारं मागचं टोक), इन्सर्ट (पुढचं टोक बसवायची नळी) आणि ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार टोक) लावून अख्खा बाण ग्रेनच्या काट्यावर तोला. नॉकही पुस्तिकेत सांगितलाय तोच : सपाट, अर्धचंद्र किंवा कॅप्चर. चुकीच्या नॉकवरून दोरी वर सरकली तर बाण रेलवर (बाण ठेवायच्या पन्हळीत) असूनही ड्राय फायर होतो आणि खटका तो अडवू शकत नाही. दुकानदार मात्र ‘कुठलाही चालतो’ म्हणत हाती लागेल तो डबा पुढे करतात!

भारतातून ‘कुठला घेऊ’ विचारणाऱ्यांना एकच सांगणं : तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. हे सगळं अमेरिका-कॅनडातल्या मंडळींसाठी.

घेताना लिम्ब बघा, दुर्बीण नंतर. दुकानातच दोन्ही बाजूंच्या कडांवर टॉर्च तिरपा धरा. पांढुरका डाग, केसासारखी रेघ किंवा रंगाखाली फुगवटा दिसला की ते खोकं परत द्या. दोन्ही लिम्ब पॉकेटमध्ये सारखे बसलेत का, कॅम एका बाजूला कलतोय का, हे मागून डोळा लावून पाहा. मग वॉरंटीचा कागद मागा. लिम्बवर किती वर्षं? दुसऱ्या मालकाला लागू आहे का? बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून जुना घेताना किंमत त्या हिशेबानं पाडा. नोंदणी किती दिवसांत करायची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॉडेल बंद झाल्यावर लिम्बचा संच किती वर्षं मिळेल? जोडीतला एकच नवा घालून भागत नाही, कडकपणा जुळला नाही की कॅम कलतो आणि नवा लिम्बही त्याच वाटेनं जातो. त्यात कम्पाउंडला (कॅम-केबलवाल्या क्रॉसबोला) लिम्ब बदलायला प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून धरणारं यंत्र, लागतो, म्हणजे दुकानाची वारी आणि ऐन हंगामात रांग.

म्हणूनच कॅनडातल्या एक्सकॅलिबर कंपनीच्या रिकर्व्हसारख्या साध्या क्रॉसबोकडे वळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. रुंद असतो, आवाज मोठा, ताणायला जड. पण कॅम नाही, केबल नाही, आणि तुटलेली दोरी स्ट्रिंगिंग दोर वापरून जंगलातच बदलता येते. कम्पाउंडच हवा असेल तर ३३० ते ३८० च्या टप्प्यातला, थोडा रुंद, काही वर्षं बाजारात टिकलेला घ्या. पहिल्याच वर्षाचं मॉडेल घेऊ नका, त्याची खरी चाचणी गिऱ्हाइकाच्या हातात होते.

जपणूक कराल तेवढी कमीच. हातानं ताणू नका, ताणायचा दोर किंवा क्रँक (फिरवायचा दांडा) वापरा. दोरी मध्यावरून जराशी सरकली तरी एका बाजूच्या लिम्बवर जास्त भार येतो. दिवसभर ताणून झाडावर बसू नका. संध्याकाळी जुना जड बाण मऊ मातीत किंवा टार्गेटमध्ये सोडून ताण उतरवा. पुस्तिका परवानगी देत असेल तरच क्रँकनं उतरवा. उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेत मेण वितळतं, रेझिन आणि गोंद कमजोर होतात. मेण दोरीला आणि केबलला लावा, मधल्या सर्व्हिंगला नको. कापसाचा बोळा दर वेळी फिरवा, ताण नसताना. बोळा अडकला तर त्या दिवशी एकही बाण नाही. चीर गेलेला लिम्ब ताणलात तर तो तुमच्या तोंडाशी फुटतो.

कंपनीला उत्तर पाठवलंय. सहा फोटोंपैकी कुठल्या फोटोत, कुठल्या भागावर, ड्राय फायरची कोणती खूण दिसली ते लेखी कळवा. अनुक्रमांक, खरेदीची पावती, तोललेल्या बाणाचं वजन, ४१२ ग्रेन, सगळं सोबत जोडलंय. लिम्ब तुमच्या प्रयोगशाळेत कापून बघा, असंही लिहिलंय. चार दिवस झाले. उत्तर नाही.