सप्टेंबरात मरिनर्सवर आशा ठेवायची, तर ती कुठे ठेवायची?

सिएटल मरिनर्स १९७७ पासून अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये खेळताहेत आणि २०२५ चा हंगाम संपेपर्यंत वर्ल्ड सीरीजला, म्हणजे अंतिम लढतीला, एकदाही पोहोचलेले नाहीत. ३० संघांत असा हा एकटाच. त्यामुळे गणपती आले की सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींत दोनच सूर ऐकू येतात: "यंदा नक्की" किंवा "यांचं काही खरं नाही". मला दोन्ही पटत नाहीत. आशा जरूर ठेवावी, भरपूर ठेवावी. फक्त ती कॅल रॉली या फलंदाजाच्या होमरनवर (म्हणजे बेसबॉलमधल्या षटकारावर) टांगून ठेवू नये. हंगामाच्या शेवटी निकाल ठरवणाऱ्या गोष्टी तीन: पराभवांचा रकाना, थेट लढतींचा हिशोब आणि बुलपेनमधल्या, म्हणजे बदली पिचरांमधल्या (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा), कुणाचा हात ताजा आहे हे.

गुणतक्त्यात आधी पराभव बघा. सगळ्या संघांचे सामने सारखे झालेले नसतात, म्हणून विजयांचा आकडा फसवतो. शिल्लक सामना अजून जिंकता येतो, हरलेला मात्र कायमचा गेला. मग मॅजिक नंबर काढा. हंगामात प्रत्येकाचे १६२ सामने, त्यात एक मिळवून १६३ मधून आपले विजय वजा करा, त्यातून मागच्या संघाचे पराभव वजा करा. उरला तो आकडा म्हणजे आपले विजय आणि त्यांचे पराभव मिळून अजून किती हवेत. बरोबरी झाल्यास थेट लढतींत आपण वरचढ असू, तर १६३ ऐवजी १६२ धरायचे.

२०२५ चंच उदाहरण घ्या. १९ सप्टेंबरला ह्यूस्टनमधली मालिका सुरू झाली तेव्हा मरिनर्स आणि त्यांच्याच विभागातले अ‍ॅस्ट्रोस दोघेही ८४-६९ वर (८४ विजय, ६९ पराभव) होते. मरिनर्सनी तिन्ही सामने जिंकले. ८७-६९ विरुद्ध ८४-७२. साध्या हिशोबाने १६३ वजा ८७ वजा ७२, म्हणजे ४. पण त्या तीन विजयांनी वर्षभरातली थेट लढतही ८-५ अशी आपल्या बाजूने गेली होती, म्हणून खरा आकडा ३. तीन सामन्यांत जवळजवळ सगळं संपलं. २४ तारखेला घरच्या मैदानावर रॉकीजना हरवून विभागाचं विजेतेपद मिळालं, २००१ नंतर पहिल्यांदा. त्याच रात्री रॉलीने ५९ वा आणि ६० वा होमरन मारला आणि बातम्या अर्थातच त्याच्याच झाल्या. विभाग जिंकला गेला होता तो ह्यूस्टनमध्ये.

थेट लढतींचं एवढं महत्त्व का, हे क्रिकेटवाल्यांना समजायला वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात आयपीएलचा नेट रनरेट असतो. इथे धावांच्या फरकाला बरोबरीत काडीची किंमत नाही. १८-२ जिंका नाहीतर २-१, दोन्ही सारखेच. २०२२ पासून १६३ वा निर्णायक सामनाही बंद झाला. दोन संघ बरोबरीत आले की पहिला प्रश्न एकच: आपसात कोण जास्त जिंकलं? आपल्या विभागातल्या प्रत्येक संघाशी १३ सामने होतात आणि १३ हा विषम आकडा आहे, म्हणजे दोघांत कुणीतरी पुढे असणारच. एप्रिलमध्ये थंडीत, अर्ध्या रिकाम्या स्टेडियमात अ‍ॅस्ट्रोसशी झालेला सामना सप्टेंबरच्या सामन्याइतकाच जड असतो तो यामुळे.

२०२५ मध्येच बघा. टायगर्स आणि अ‍ॅस्ट्रोस दोघेही ८७-७५. टायगर्स पोस्टसीझनमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, गेले, अ‍ॅस्ट्रोस घरी बसले. ब्लू जेज आणि यँकीज दोघेही ९४-६८, विभाग ब्लू जेजचा. रेड्स आणि मेट्स दोघेही ८३-७९, रेड्स आत. तीनही निकाल थेट लढतींवर. आणि २०२३ मध्ये अ‍ॅस्ट्रोस-रेंजर्स दोघे ९० विजयांवर होते, विभाग अ‍ॅस्ट्रोसना मिळाला, पण वर्ल्ड सीरीज वाइल्ड कार्डवाल्या, म्हणजे विभाग न जिंकता आत आलेल्या, रेंजर्सनी जिंकली! आशेला जागा असते ती अशी.

मरिनर्सच्या चाहत्यांच्या मनात भीती बसली आहे, तिलाही कारण आहे. २०२३ मध्ये ८८ विजय, पोस्टसीझनची शेवटची जागा ८९ वर गेली. २०२४ मध्ये ८५ विजय, शेवटच्या दोन जागा ८६ वर गेल्या. दोन वर्षं लागोपाठ एका सामन्याने. २०२४ मध्ये तर १८ जूनला विभागात १० सामन्यांची आघाडी होती आणि महिन्याभरात ती वितळली. पिचिंग उत्तम होतं, फलंदाज स्ट्राइकआउट (चेंडू खेळात न आणताच तीन स्ट्राइकवर बाद) होत राहिले. मरिनर्सच्या टी-मोबाइल पार्कमध्ये समुद्राकडून येणारी थंड, जड हवा उंच मारलेले चेंडू खाली आणते. छत सरकतं, पण ते मैदान बंदिस्त करत नाही, फक्त पाऊस अडवतं. अशा मैदानावर सगळा संघ होमरनची वाट बघत बसला तर एक रन कमी पडणारच. तिसऱ्या बेसवर माणूस आणि एकच बाद असताना चेंडू नुसता बॅटला लागून मैदानात जायला हवा, तिथे स्ट्राइकआउट म्हणजे हातची धाव गेली.

म्हणून जुलै २०२५ मधली जॉश नेलरची खरेदी मला युजेनियो सुआरेझच्या खरेदीपेक्षा मोलाची वाटते. सुआरेझ होमरनवाला. नेलर चेंडू खेळात ठेवतो, आणि जड अंगाचा, अजिबात वेगवान नसलेला हा माणूस पिचरचं लक्ष कुठे आहे ते हेरून बेस चोरतो, म्हणजे फटका नसतानाही पुढच्या बेसवर पळतो. त्या वर्षी त्याने ३० बेस चोरले!

आता बुलपेन. रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, एका इनिंगला साधारण १५ ते २० चेंडू टाकतो. लागोपाठ दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी शहाणा मॅनेजर त्याला हात लावत नाही. स्कोअरकार्डमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे वॉर्मअप. बुलपेनमध्ये उठवलं, गरम केलं आणि न वापरता बसवलं, तरी हात दमतोच. दमलेल्या हाताची खूण आधी फास्टबॉलच्या वेगात दिसते, नेहमीपेक्षा मैल-दीड मैल कमी. मग स्लायडर वळत नाही आणि प्लेटच्या मधोमध राहतो. पुढचं आपल्याला माहीत आहे. यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे स्टार्टरने, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरने, सहावी, जमल्यास सातवी इनिंग संपवणं. २०२५ मध्ये ब्रायन वू पहिल्या सलग २५ सामन्यांत किमान सहा इनिंग टाकत होता. त्याचा खरा फायदा दुसऱ्या दिवशीच्या बुलपेनला मिळायचा.

१ सप्टेंबरपासून संघ २६ चा २८ होतो, पिचर जास्तीत जास्त १४. म्हणजे एक जादा हात आणि एक जादा फलंदाज. पोस्टसीझनमध्ये पुन्हा २६, आणि त्यात खेळायचं तर साधारणपणे ३१ ऑगस्टपर्यंत खेळाडू त्या संस्थेत असायला हवा. या शेवटच्या माणसांना कमी लेखू नका. १० सप्टेंबर २०२५ ला कार्डिनल्सविरुद्ध १३ व्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना संपवला तो लिओ रिवासने. बरोबर महिन्याने, पोस्टसीझनमध्ये टायगर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून येऊन बरोबरी साधली तीही त्यानेच, आणि १५ व्या इनिंगमध्ये पोलांकोने तो सामना जिंकून दिला.

अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, ब्रेव्ह्जना हरवून सुरू झालेली ती घोडदौड १८ पैकी १७ विजयांची होती. नंतर शेवटचे तिन्ही सामने डॉजर्सशी हरले आणि काहीजण उगाच चिडले. विभाग जिंकून झाला होता, दुसरं मानांकन मिळालं होतं. पहिल्या दोन मानांकनांना वाइल्ड कार्ड फेरी खेळावीच लागत नाही. तीन सामन्यांची ती फेरी टळली की स्टार्टरांचा क्रम हवा तसा लावता येतो. अशा वेळी मुख्य पिचर बसवून ठेवणं हेच योग्य.

यंदा मला मॅनेजर डॅन विल्सनकडून एक गोष्ट हवी आहे. २० ऑक्टोबर २०२५, टोरोंटो, वर्ल्ड सीरीजच्या आधीच्या मालिकेचा सातवा सामना, सातवी इनिंग. ३-१ अशी आघाडी, दोन ब्लू जेज बेसवर, एक बाद, समोर जॉर्ज स्प्रिंगर. वर्ल्ड सीरीज आठ बाद दूर. रिलीव्हर बझार्डो आला, वर्षभर चांगलाच टाकत होता तो, आणि स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४-३. आंद्रेस मुन्योस, संघातला सगळ्यात चांगला रिलीव्हर, तेव्हा बुलपेनमध्येच होता. क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा पिचर, नवव्या (शेवटच्या) इनिंगसाठी राखायचा ही सवय ऑक्टोबरात अचानक मोडता येत नाही. त्यासाठी सप्टेंबरातच दोन-तीनदा मुन्योसला सातव्या-आठव्यात, माणसं बेसवर असताना, चार-पाच बाद घ्यायला आणा आणि दुसऱ्या दिवशी त्याला पूर्ण सुट्टी द्या. नववी इनिंग तेवढ्यापुरती दुसरा कुणीतरी टाकेल.