'जुन्या गाडीला जुनेच पार्ट'? सस्पेन्शनला हा नियम लावू नका

नाशिकच्या जुन्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जुनं लोखंड थकत नाही. गंज नसला की पार्ट चांगला. बसला की झालं. रबर मात्र कंपनीचं, जुन्या पॅकिंगमधलंच घ्या.' तो वाचून लोक भंगारातून, नाहीतर थेट कुर्ल्याहून पद्मिनी-अँबेसेडरच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे पार्ट आणतायत: स्प्रिंगा, आर्म, शॉकअप. या गाड्यांत बायकापोरं बसतात, म्हणून हे लिहितोय.

लोखंड थकतं. स्प्रिंग लाखो वेळा दबते. गंजाच्या बारीक खड्ड्यातून किंवा साध्या ओरखड्यातून चीर सुरू होते, आत शिरत जाते आणि एके दिवशी तुकडाच पडतो. शिवाय कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. 12 मिलिमीटरची तार झिजून 11.5 झाली, तर कडकपणा जवळजवळ 16 टक्क्यांनी उतरतो. हा अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचं उपकरण, लावावा लागतो.

'गंज नसला की चांगला' हे तर सगळ्यात घातक. गंज दिसत नाही, कारण वरून काळा रंग मारलेला असतो. माझ्या पद्मिनीसाठी मी असाच एक चकाचक लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, आणला होता. मिस्त्रींनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "आधी रंग काढून आणा." अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्याला चिरेत शिरणारी लाल डाय लावली, पुसली, वर ती डाय बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. बुशच्या, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळीच्या, भोकापासून केसाएवढी लाल रेघ उमटली. त्याच आठवड्यात आम्ही घरचे सगळे कसारा घाट उतरून ठाण्याला जाणार होतो. तो आर्म मी परत दिला नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागू नये म्हणून तिथेच कापून घेतला.

'बसला की झालं' म्हणणाऱ्यांनी अँबेसेडरचे पुढचे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आठवावेत. वापरलेला बार एकाच दिशेने पिळून मुरलेला असतो. डावीकडचा उजवीकडे घातला की त्याला उलटा पीळ बसतो, आणि तो तुटू शकतो. कुठल्या बाजूचा निघाला हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर फुकटही घेऊ नका. वेल्डिंग केलेली स्प्रिंग किंवा बारही नको. त्या उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, उतरतं.

रबराचं तर उलटंच आहे. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षं उलटून गेली. तेव्हाचा बुश पिशवीतसुद्धा हवेने कडक होतो, चिरतो. रबर नवंच घ्या.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य: काही पार्ट आता नवे मिळतच नाहीत. ब्रॅकेट, शॅकलच्या (मागच्या पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या) पट्ट्या, सरळ असलेला आर्म जुना घ्यायला माझी हरकत नाही. रंग काढून, डाय लावून, भोक लंबगोल झालेलं नाही ना हे मोजून. मागचे पाटे (एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग) सुटे करून मधल्या बोल्टच्या भोकाजवळ चीर आहे का बघा. कॉइल जोडीनेच, एकाच गाडीतल्या घ्या आणि सपाट फरशीवर शेजारी उभ्या करून उंची ताडा. शॉकअप उभा धरून पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. मध्ये कुठे हात रिकामा गेला किंवा दांड्यावर खड्डे दिसले, तर तो तिथेच ठेवून या.