सोलापुरात पाण्याचं टेन्शन घेऊ नका, एवढंच करा

सोलापुरात नवीन राहायला आलाय ना, मग आधी सोमवार-मंगळवार विसरा, इथं फक्त पाण्याचा दिवस असतो. लग्नाची तारीख पण तो बघूनच धरा, मुहूर्ताचं काय, गुरुजी पुढंमागं करतेत.

घरात सामान लावायच्या आधी नळाला डायरेक्ट मोटर लावा. समोरच्यानं एक एचपीची लावली असली तर आपण दीडची, मागं हटायचं नाही. लाईनीतलं प्रेशर गेलं की फुटक्या जोडातनं गटारीचं पाणी पण आत ओढलं जातं, म्हणजे पाणीपट्टी एकच आणि माल दोन प्रकारचा. पिवळं आलं तर पहिल्या दोन बादल्या अंगणात ओता, पण अंगणाला फरशी पाहिजे हां, माती ठेवली आणि पाऊस जमिनीत मुरून जुन्याच बोअरला पाणी लागलं तर नवीन बोअर मारायची मजा काय राहिली?

उजनीची काळजी तर सोडाच. 117 टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफूट) धरण, त्यात 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, सहज बाहेर न निघणारं पाणी, म्हणजे शंभर टक्के भरलं तरी हाताला लागतं 53 च्या आसपास. 2024 च्या उन्हाळ्यात ते वजा साठ टक्क्यांजवळ गेलं, म्हणजे मृतसाठ्यातलंच पाणी उपसणं चाललं, आपण बातमी वाचायची, "अवघड आहे" म्हणायचं आणि गाडी धुवायला पाईप लावायचा.

आता नियोजन शिका. धरणातनं पाणी भीमेत सोडायचं, लांबवर नदीच्या खड्ड्याखड्ड्यातनं औज बंधाऱ्यापर्यंत येऊ द्यायचं, काठावरच्यांनी उपसू नये म्हणून त्यांची लाईट बंद करायची आणि मग टाकळीच्या पंपानं उचलून शहरात आणायचं. वाटेत किती मुरलं, किती उडालं, किती उसाला गेलं असलं काय विचारू नका, जिल्ह्यात ऊस म्हणजे घरचा जावई.

उजनीहून थेट शहरात येणारी 170 एमएलडीची (रोज 17 कोटी लिटर) समांतर जलवाहिनी आहेच की. त्याच्यावर कुणी म्हणलं, "गावातल्या जुन्या लाईनी आणि टाक्यांचं काय वो?" तर तो माणूस विकासविरोधी समजा. हिप्परग्याचा तलाव 1871 चा, त्यातल्या गाळाला पण हात लावू नका, जुना रहिवासी आहे तो.

शेवटचं, रात्री अडीचला पाणी आलं तर ग्रुपवर लगेच टाकू नका. आधी आपला हौद भरा, मग वरची टाकी, मग बॅरल, घागरी, कुकर, आणि मोटर बंद करून मगच विचारा, "आपल्या लाईनीला आलंय का वो?"