‘एकवीस दिवसांत डिप्रेशन पळेल’ : त्या मेसेजला उत्तर

नाशिकमध्ये शरणपूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत ख्रिस्ती मंडळ्यांच्या प्रार्थना ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. तो गोळ्या चालू असलेल्या एका जवळच्या बाईपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, ‘मग आता डॉक्टरकडे जायला नको ना?’ म्हणून हे उत्तर. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘डिप्रेशन हा आजार नाही, विश्वासाची कमतरता आहे. पहाटे ३ ला जाग येते म्हणजे देव उठवतो आहे. उठा, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ९१ सात वेळा आणि २३ तीन वेळा मोठ्याने वाचा. असे २१ दिवस. पहिल्या दिवसापासून गोळ्या बंद, कारण दोन धन्यांची सेवा करता येत नाही. रडकी स्तोत्रं वाचू नका, नकारात्मक कबुली होते (म्हणजे वाईट बोललं की तेच खरं होतं). ज्याने त्रास दिला त्याचं नाव घेऊन १०९ वाचा. कोणाजवळ बोलू नका, फक्त देवाजवळ बोला.’ तळाला ‘बीज’ पेरण्यासाठी, म्हणजे देणगीसाठी, यूपीआय नंबर.

गोळ्यांपासून सुरुवात करू. बाकीच्या मुद्द्यांनी माणूस फार तर भरकटेल, या मुद्द्याने जीव जाऊ शकतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘एमएचगॅप’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे बरं वाटायला लागल्यावरही ९ ते १२ महिने औषध चालू ठेवायचं, आणि थांबवायची वेळ आली की डोस कमीत कमी ४ आठवड्यांत हळूहळू उतरवायचा. आता याच्या शेजारी २१ दिवस ठेवून बघा. औषध अचानक तोडल्यावर मूळ आजार बहुतेकदा लगेच उसळत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उसळतो. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी तर शरीरातून निघायलाच कित्येक आठवडे घेते. म्हणजे बाविसाव्या दिवशी उपासनेत उभं राहून ‘मी गोळ्या सोडल्या, मला काही झालं नाही’ अशी साक्ष देणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो फार लवकर बोलत असतो. साक्ष रेकॉर्ड होऊन ग्रुपांवर फिरते. दोन-तीन महिन्यांनी तो अंथरुणातून उठेनासा होतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

उलट पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्याचीच औषधं एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांतच चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होणं, झोप उडणं, भयानक स्वप्नं, चिडचिड असं सुरू होऊ शकतं. ही औषध तोडल्याची लक्षणं. ग्रुपवर मात्र त्याला ‘सैतान खवळलाय, म्हणजे वाचन काम करतंय’ असं उत्तर मिळतं, आणि माणूस आणखी नेटाने गोळ्या टाळतो. क्लोनाझेपाम बरेच महिने घेऊन अचानक सोडलं तर फिट येऊ शकते. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावरचं लिथियम अचानक सोडलं तर उन्मादाचा झटका परत येण्याचा धोका वाढतो. शिवाय घरोघरी ‘मनाच्या गोळ्या’ या एकाच नावाखाली कोणाची फिटची गोळी असते, कोणाची झोपेची. मेसेज लिहिणाऱ्याने पट्टी पाहिलेली नसते, हुकूम मात्र सगळ्यांना एकच.

पवित्र शास्त्राचाच आधार हवा असेल तर २ राजे २० वाचा. हिज्कीया राजा मरणाला टेकला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला १५ वर्षं वाढवून दिली. आणि त्याच अध्यायात यशया संदेष्टा सांगतो की गळवावर अंजिरांचा लेप लावा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लागला. ‘दोन धनी’ हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन तर देव आणि धन यांच्याबद्दल आहे, डॉक्टरांबद्दल नाही. खाली यूपीआय नंबर देऊन तेच वचन वापरायला धाडस लागतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. काही ठिकाणी डॉक्टर तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे होतात, गोळी किती दिवस आणि का हे सांगत नाहीत, आणि लोक तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये दाखवत राहतात. त्यावर उपाय म्हणजे परत जाऊन ‘ही कधी आणि कशी कमी करायची?’ असं विचारणं, किंवा दुसरा डॉक्टर गाठणं. पट्टी कचऱ्यात टाकणं हा उपाय नव्हे.

आता पहाटेचे तीन. नेहमीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येणं, पुन्हा झोप न लागणं आणि त्या वेळी मन सगळ्यात जड असणं हे नैराश्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. त्यालाच देवाची हाक ठरवलं की लक्षण सांगायचंच राहून जातं. त्यात ज्याला उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात, त्याला २१ पहाटा जागवल्या तर झोप तुटल्यानेच उन्माद सुरू होऊ शकतो. मेसेजवाल्यांनी स्तोत्र १२७ चं दुसरं वचन पाहायला हवं होतं. पहाटे उठणं आणि रात्री जागणं व्यर्थ, देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असा त्याचा आशय. जाग आलीच तर मोबाइल उघडू नये. उशाला कागदावर स्तोत्र ४ किंवा १३१ लिहून ठेवावं (१३१ मध्ये तीनच वचनं आहेत), मंद उजेडात एकदा वाचावं आणि पडावं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसावं. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवावी.

सात वेळा कुठून आलं? बहुधा स्तोत्र ११९ च्या १६४ व्या वचनातून, दिवसातून सात वेळा स्तुती करतो असं तिथे आहे. पण ती दिवसभर विखुरलेली स्तुती. एका बैठकीत ९१ ची १६ वचनं सात वेळा, वर २३ तीन वेळा, हा जप झाला. ज्याला आधीच मोजण्याचा, पुन्हा पुन्हा तपासण्याचा विकार आहे, त्याच्या हातात आकडा देणं म्हणजे आगीत तेल. सहा की सात, मध्ये लक्ष गेलं होतं का, पुन्हा पहिल्यापासून! अशा माणसाला समुपदेशक मुद्दाम सांगतो: एकदाच वाचा, चुकलं तरी पुढे जा. आणि आकड्यातच सामर्थ्य असेल तर कोणत्या आकड्यात? ग्रीक आणि लॅटिन परंपरेच्या मोजणीत आपलं ९१ हे ९० आहे. शिवाय हेच स्तोत्र ताबिजासारखं वापरून पाहा, असं येशूला कोणी सुचवलं ते मत्तय ४ मध्ये लिहिलेलं आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं म्हणताना सैतानाने स्तोत्र ९१ च उद्धृत केलं होतं.

मोठ्याने वाचल्याने बरं वाटतं, हे अर्धं खरं आहे. पण ते सावकाश वाचल्याने. स्तोत्रांची बहुतेक वचनं दोन भागांत तुटतात. पहिला भाग म्हणायचा, थांबायचं, श्वास पूर्ण सोडायचा, मग दुसरा. दोन-चार मिनिटांत श्वास संथ होतो, छातीतली धडधड उतरते. सात वेळा घाईने उरकलं की हेच सगळं निघून जातं.

‘रडकी स्तोत्रं वाचू नका.’ हा मुद्दा वाचून हसावं की रडावं? १५० पैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. ती गाळायची तर स्तोत्रसंहितेचं पुस्तक नाही, पातळ पुस्तिका उरेल. ६ मध्ये अंथरूण आसवांनी भिजतं. १३ मध्ये दोन वचनांत चार वेळा ‘कोठवर?’ आहे. ४२ मध्ये आसवं हेच अन्न झालं आहे. आणि ८८! हेमानाच्या नावावरचं हे स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी स्तुती करीन’ असं एकही वाक्य नाही. ज्यांनी पुस्तक जुळवलं त्यांनी ते काढलं नाही, त्याला गोड शेपूट जोडलं नाही. शरणपूर वसवणारी चर्च मिशनरी सोसायटी ज्या अँग्लिकन परंपरेतली, तिच्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत वाटलेली आहेत, आणि १७ तारखेच्या सकाळी ८८ येतं. मन आनंदी असो वा नसो, त्या सकाळी मंडळीने ते म्हणायचं. वधस्तंभावर येशूनेही २२ चीच पहिली ओळ उच्चारली: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मेसेजच्या हिशेबाने ही नकारात्मक कबुली झाली.

समुपदेशनात विलापस्तोत्रंच सगळ्यात उपयोगी पडतात, कारण खचलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सापडत नाहीत. पण ती वापरायची रीत आहे. पहिल्या भेटीत बायबल उघडायचंच नाही. तासाभराच्या भेटीत निम्म्याहून जास्त वेळ ऐकायचं. झोप, भूक, वजन, कामावर जाणं, हे नीट विचारायचं. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारायचं, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त रोज असेल आणि कामधाम अडत असेल, तर डॉक्टरकडे पाठवायचं. थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यायला सांगायचं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो.

स्तोत्र दुसऱ्या भेटीत, आणि एकच. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५, बोलणंच खुंटलं असेल तर ७७, अन्याय बघून संताप असेल तर १०, महिनोन्‌महिने उजाडतच नसेल तर ८८. वाचायचं समुपदेशकाने, कारण नैराश्यात ओळीवर लक्ष टिकत नाही. मग एकच प्रश्न: ‘यातली तुमची ओळ कोणती?’ आणि गप्प बसायचं. घरी ती ओळ वहीत उतरवून खाली स्वतःची तीन वाक्यं लिहायला सांगायची: देवाला हाक, तक्रार, मागणी. विलापस्तोत्रात पुढे भरवशाचा आणि स्तुतीचा भाग येतो, पण तो मागायचा नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत आपसूक आला तर आला. बिघडतं ते इथेच. समुपदेशकाला शांतता सोसत नाही, तो १३ च्या दुसऱ्या वचनावरून झटकन पाचव्यावर उडी मारतो, आणि समोरच्याला कळतं की इथेही बरं असल्याचं नाटकच करायचं आहे.

‘विश्वासाची कमतरता’ यावर फार शाई घालवण्यात अर्थ नाही. स्तोत्र ४४ मध्ये लोक सरळ सांगतात की एवढं सगळं कोसळलं तरी आम्ही तुला विसरलो नाही. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिला आणि लगोलग झाडाखाली बसून मरण मागितलं. देवाने त्याला रागावण्याऐवजी दोनदा खायला दिलं आणि झोपू दिलं. हां, कधीकधी मनावर खरोखर केलेल्या चुकीचं ओझं असतं. तिथे ३२ योग्य. पण मारहाण सोसणाऱ्या बाईच्या हातात ५१ ठेवून ‘आधी तू पश्चात्ताप कर’ म्हणणारे लोक त्या स्तोत्राचा मथळाही वाचत नाहीत. ते बथशेबेचं नाही, तिला बळकावणाऱ्या दावीद राजाचं आहे, म्हणजे ज्याने सत्तेच्या जोरावर अपराध केला त्याचं. अशा बाईला आधी सुरक्षित जागा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यावा, स्तोत्र मागाहून.

१०९ शत्रूचं नाव घेऊन? तो राग देवापुढे ओतण्यासाठी आहे, शेजारणीवर करणी करण्यासाठी नाही. आणि ज्याला आजारामुळेच सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं, त्याला शत्रूंनी भरलेली स्तोत्रं काही काळ देऊच नयेत. त्याचा संशय त्यातून पुरावा गोळा करतो.

‘कोणाजवळ बोलू नका’ यामागची भीती समजते. आपल्याकडे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत सगळ्या मंडळीला माहीत होते. मग ग्रुपवर टाकू नका, पाळकसाहेबांना, फादरांना किंवा सिस्टरांना एकट्यात सांगा, आणि ‘हे पुढे जाणार नाही ना?’ असं आधी विचारा. पण मरणाची भाषा सुरू झाली की गुपित संपलं. त्या रात्री त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबाग, कांदा असलेल्या घरांत फवारणीची औषधं पडवीत उघडी असतात. ती कुलपात जातील, नाहीतर दुसऱ्याच्या घरी, किल्ली तिसऱ्याकडे. गोळ्यांची पाकिटंही घरच्यांनी ताब्यात घ्यावीत, रोजचा डोस हातात द्यावा. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.