वाघ दिसला का, हे विचारणं सोडा राजेहो

विमानानं नागपूरला उतरायचं, एसी गाडीत बसून थेट ताडोब्याचं मोहर्ली गेट गाठायचं, लागोपाठ सफाऱ्या मारायच्या आणि वाघाचा फोटो मिळाला की आल्या वाटेनं परत. याला जंगल बघणं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आम्ही शाळेतले दोस्त या उन्हाळ्यात एकाची जुनी बोलेरो घेऊन निघालो. पेंच, नागझिरा, नवेगाव, ताडोबा, टिपेश्वर असा बेत होता. सगळे इकडचेच, विदर्भातले, एकटा पुण्यात नोकरीला असतो, त्याच्यासाठी एसी चालू ठेवावा लागला. सफाऱ्या मोजक्याच केल्या. जिप्सी, गाईड, प्रवेश फी मिळून जो आकडा होतो, तो ऐकूनच आमच्यातला शेतकरी दोस्त म्हणाला, "एवढ्यात माह्या एका एकराचं खत येते बे." त्यामुळे आमचा बराच वेळ दोन गेटांच्या मधल्या रस्त्यावर गेला. माझं मत असं की जंगल खरं तिथंच कळतं.

वाघाला गेट माहीत नसतं. नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ उमरेड-कऱ्हांडल्यात येऊन राहिला तो शेतं, कालवे, रस्ते ओलांडतच. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ २०१९ मध्ये निघाला, तेलंगणात डोकावून आला आणि तब्बल १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आता नकाशा काढा आणि बघा, मधे काय आहे. कपाशी, तूर, गावं, डांबरी सडका. दिवसा नाल्यात पडून राहायचं आणि रात्री चालायचं, असं करत तो गेला. ज्यांच्या बांधावरून तो गेला त्यातल्या किती जणांना पत्ताही नसेल.

पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर प्राण्यांसाठी खालून वाटा सोडल्यात, रस्ता उचलून वर नेलाय. महाराष्ट्राच्या हद्दीतली सर्वांत लांब वाट ७५० मीटरची आहे. वरून ट्रक, खालून चितळ आणि वाघही. आम्ही वरून गेलो, ऐंशीच्या वेगानं, आणि खाली जंगल चालू आहे याचा गाडीत कुणाला सुगावा नव्हता. पुणेकर तर झोपला होता. पेंचच्या सिल्लारी गेटला मात्र तो जागा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेलं उद्यान, जाहीर केलं, त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांची तोंडं खाली केलीत. तिथल्या लोकांनी आपल्या गल्लीतला उजेड कमी करून घेतला, म्हणून आम्हाला आभाळ दिसलं.

नवेगावबांधचंही तसंच. हे राष्ट्रीय उद्यान १९७५चं, पण ज्या तलावावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात तो तलाव निसर्गानं दिलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, धानाला पाणी मिळावं म्हणून, तेही उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. भंडारा-गोंदियातले असे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव पाहिले की शेतकरी कुठं संपतो आणि अभयारण्य कुठं सुरू होतं, ते सांगता येत नाही. सारस पक्ष्याचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात तो टिकलाय तो याच भागात, आणि त्याचं घरटं असतं धानाच्या बांधीत, कुण्या शेतकऱ्याच्या मेहेरबानीवर.

तिथंच एका उन्हाळी धानाच्या शेताजवळ आम्ही रात्री थांबलो. एक काका जागलीला, म्हणजे रात्रीची पिकाची राखण करायला, आले होते. चार बल्ल्या ठोकून केलेलं मचान, त्यावर गोणपाट, खाली झटका मशीन. सोलरची पाटी, जुनी बॅटरी आणि सारखं टक, टक, टक. प्रत्येक टकीला बांधावरच्या तारेतून झटका जातो. काकांच्या हातात फक्त टॉर्च आणि एक फाटका पत्र्याचा डबा, वाजवायला. आम्ही विचारलं, वाघाची भीती नाही वाटत?

"वाघाचा तरास नाई जी. तो आला तं डुकरं पळतेत, धान वाचते. ह्या डुकराचं आन् रोह्याचं काय करू, ते सांगा."

पुणेकरानं रोही म्हणजे काय ते विचारलं. नीलगाय सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, सफारीत तर सगळे तिचे फोटो काढतात!" काका हसले नाहीत.

काकांचं बोलणं सगळ्या शेतकऱ्यांचं मत समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडे गेलात तर दुसरं ऐकायला मिळेल. मे २०२५ मध्ये त्या तालुक्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीची पानं, तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सरकार अशा मृत्यूला २५ लाख देतं. पैसे मिळतात, पण दुसऱ्या दिवशी तेंदूपत्ता थांबत नाही. हंगामच मुळी काही दिवसांचा, तो हुकला तर पावसाळ्याआधी हातात रोकड कुठून येणार?

ताडोब्याच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गेटवर पहाटे आम्ही रांगेत उभे होतो. जिप्सीत सगळे मातकट हिरव्या टोप्यांत. गाईड सांगत होता, खाली उतरायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. तेवढ्यात बाजूच्या पायवाटेनं दहाबारा बायका गेल्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात डबा, खांद्यावर पानं बांधायची जुनी चादर. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, मोजून द्यायचे. वाकून पान तोडणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं वनरक्षक सांगतात. त्या बायकांना कुणी हात आत ठेवायला सांगितलं नव्हतं.

त्या सफारीत आम्हाला वाघ दिसला, हेही सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच येईल. गवतात बसला होता. गाईड म्हणाला, या आतल्या गवताळ जागांपैकी काही म्हणजे उठवलेल्या गावांची शेतं आहेत. जामणी, नवेगाव-रामदेगी ही त्यातलीच नावं. तिथं पूर्वी धान पिकायचं, आता चितळं चरतात, म्हणून वाघ येतो, म्हणून आपण येतो. पुनर्वसन चूक की बरोबर, यावर माझे दोस्त गाडीत वरोऱ्यापर्यंत भांडले. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी गाणी लावली.

चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून घेरलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. दोष जिप्सीवाल्यांवर ढकलणं सोपं आहे. पण मागच्या सीटवरून "आणखी जवळ घे ना भाऊ" कोण म्हणतं? वाघ दिसला नाही तर बक्षिसी कोण देत नाही?

म्हणून आमच्याकडे या, पण गाडीनं या. साकोलीत तर्री-पोहे खा, एखाद्या बफर गावात मुक्काम करा, रात्री जंगलातल्या रस्त्यावर वेग चाळीसच्या खाली ठेवा. जागलीवरच्या माणसाशी बोला. सफारी एखादी करा, जमली तर.

आमचा मेळघाट राहिलाय. पावसाळ्यात परतवाड्याहून सेमाडोहकडे निघायचा विचार आहे. पुणेकर नाही म्हणतोय, त्यामुळे एक जागा रिकामी आहे. मागची, चाकावरची.