कोहळा आवळताना

सकाळचे साडेसहा. मी पलंगावर तक्क्याला टेकून अर्धवट पडलेली, दोन्ही पाय उशांच्या ढिगावर. पायथ्याशी नवरा गुडघे टेकून बसलेला, हातात भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, कपाळावर घाम.

"ओढ."

"ओढतोयच की."

"टाच आली का जागेवर?"

"टाच कुठली ते तरी सांग. मला सगळीकडे टाचच लागतेय."

तेवढ्यात पेपरातलं राशिभविष्य वाचून दाखवायला सासूबाईंनी दार ढकललं, आणि ज्या चपळाईने त्या मागे फिरल्या ती चपळाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्यात कुणी पाहिली नव्हती. नाश्त्याला त्या दिवशी सगळे पोह्यांकडे बघून बोलत होते.

खरं तर आम्ही फक्त एक मोजा चढवत होतो. एक. अजून दुसरा पाय बाकी होता.

झालं असं की पाचवा महिना संपता संपता माझ्या डाव्या पोटरीवर एक निळी नस उठली. आठवड्याभरात गुडघ्याकडून दुसरी आली आणि दोघी समोरासमोर भेटल्या. मी कऱ्हाडची. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहत लहानाची मोठी झाले, पण तो असा पोटरीवर येऊन वसेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी पाय इतके भरून येत की चप्पल काढली तरी पट्ट्याचा ठसा रात्रीपर्यंत तसाच.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, हार्मोन्समुळे शिरांच्या भिंती सैलावतात, आणि पायांकडून वर जाणारी मोठी शीर असते तिच्यावर गर्भाशय बसलेलं असतं. थोडक्यात, आमच्या सोसायटीसारखंच: पाणी भरपूर, पाइप जुने, आणि वरच्या मजल्याला चढत नाही. उपाय म्हणून त्यांनी कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे घट्ट मोजे, लिहून दिल्या. घोट्याशी दाब 20 ते 30 मिलिमीटर पारा, म्हणजे ब्लडप्रेशर मोजतात तेच माप. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आत घालायच्या, कारण एकदा उभं राहिलं की सूज चढायला सुरुवात होते. आता गरोदर बाईला सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात आधी कुठे पळायचं असतं हे डॉक्टरबाईंना माहीत नसेल असं नाही. पण औषध म्हटलं की पथ्य आलंच.

मेडिकलवाल्याने तक्ता पुढे केला. घोटा, पोटरी, मांडी, सगळ्यांचा घेर सेंटिमीटरमध्ये. "मॅडम, घरून मोजून आणा," तो शेल्फकडे बघत म्हणाला. घरी टेप सापडेना. नवऱ्याने आपल्या पायजम्याची नाडी काढली, तिने घेर घेतला, मग ती नाडी पोरांच्या फूटपट्टीवर धरून आकडे लिहिले. नाडी ताणते, पण मोजायच्या वेळी सैल धरली होती आणि फूटपट्टीवर ओढून धरली होती, हा तपशील तीन दिवसांनी मोजे आल्यावर लक्षात आला. माझ्या पायात ते विठोबाच्या देवळातल्या मांडवासारखे लटकत होते. "आतल्या वस्तू परत घेत नाही," मेडिकलवाला म्हणाला, पुन्हा शेल्फकडे बघत. दोन जोड्यांच्या पैशात एक चांगली इरकल आली असती. पहिली जोडी कपाटात गेली, दुसरी बरोबर मापाची आली. बरोबर मापाची म्हणजे कशी, तर पायात जात नाही ती.

त्यातही सासूबाईंची अट होती: जोडवी काढायची नाहीत. म्हणून पुढून बोटं उघडी असलेला प्रकार घेतला. पण जोडव्यांत धागा अडकला तर मोजा उसवणार. मग साडीच्या दुकानातली गुळगुळीत पिशवी पावलावर चढवायची, तिच्यावरून मोजा सरकवायचा, आणि मग बोटांकडून पिशवी सुर्रकन ओढून काढायची. हा शेवटचा भाग नवऱ्याला फार आवडे. जादूगार टोपीतून ससा काढतो त्या थाटात तो रोज पिशवी हवेत फिरवायचा.

रात्री तीन वाजता झोप नसे तेव्हा मी या मोज्यांचा वंश शोधून काढला. कॉनराड जॉब्स्ट नावाचा एक इंजिनिअर अमेरिकेत राहत होता, पायांच्या शिरांनी बेजार. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याशी सगळ्यात जास्त आणि वर येता येता कमी. तोच दाब त्याने कापडात उतरवला, 1950 च्या सुमारास. खाली घट्ट, वर सैल. नवरा म्हणाला, "मग तुला रोज टिळक टँकवर सोडून येऊ का?" मी म्हटलं, शोध लावला तो स्वतःचे पाय दिसणाऱ्या माणसाने. पोटाआड पाय हरवलेल्या बाईने लावला असता तर बाजूला चेन नक्की दिली असती.

हे मोजे दोरीवर वाळत घातले की जेमतेम चार बोटं रुंद दिसतात. कामवाल्या मावशींनी पहिल्यांदा पाहिले आणि कौतुकाने हात लावून म्हणाल्या, "बाळाला का ताई? लई लांब झालं की!" मी माझे आहेत म्हटल्यावर त्यांनी एकदा मोज्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फरशी पुसायला घेतली.

बाकी कुणी मात्र गप्प बसलं नाही. पोटुशीने सैल घालावं, हा विषय आमच्या इमारतीत चारही मजल्यांवर मंजूर झालेला होता. समोरच्या काकू तर हळहळल्याच, "अगं, इतकं आवळलंस तर बाळ गुदमरेल ना!" बाळ काय माझ्या पोटरीत आहे का, हे वाक्य मी जिभेवरच ठेवलं. डोहाळजेवणाला हिरव्या साडीखाली मांडीपर्यंत मोजे, मार्चचं ऊन, वर फुलांच्या वाडीचं वजन. फोटोत मी लाजल्यासारखी लाल दिसते. सगळे म्हणतात काय तेज आलंय.

मे महिन्यात माहेरी सिझेरियन झालं. मुलगी. आणि भूल उतरायच्या आत जगाचं धोरण बदललं. नऊ महिने जे म्हणत होते सैल सोड, ते सगळे एका सुरात म्हणू लागले: आवळ! पोट सुटेल, वारं शिरेल, कंबर धरेल, आवळ! बाळंतविडा घेऊन येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघे, मग माझ्या पोटाकडे, मग पुन्हा बाळाकडे, जणू बाळ बाहेर आलंय याची खात्री करत असावी. "अजून तसंच आहे की गं," एक मावशी म्हणाली. "आत दुसरं नाही ना?"

हॉस्पिटलने पोटाचा पट्टा दिला होता. रुंद, इलॅस्टिकचा, पुढे वेल्क्रो. त्याचा खरा उपयोग म्हणजे उठताना, खोकताना, चालताना टाक्यांना आधार. त्याने चरबी विरघळत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, एकदा मला आणि एकदा मावशीला. शिवाय फार आवळला तर दाब खाली ओटीपोटाच्या तळाशी जातो. पुरणपोळी लाटताना मधे जोर दिला की पुरण कडेने बाहेर येतं, तसलाच प्रकार. पोट आत जायचं ते आपल्या गतीनं जातं. बाळंतपणाच्या वेळी साधारण किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत आकसून जेमतेम छटाकभर उरतं. हे ऐकून बाबांनी विचारलं, "मग बाकीचं वजन कुठलं?" आईने डिंकाच्या लाडवांचा डबा बाबांपासून दूर सरकवला आणि माझ्यापुढे केला. रोज दोन लाडू, अळिवाची खीर, तूप घातलेला भात, आणि वरून विचारायचं की पोट का जात नाही.

पट्ट्याचा खरा घात वेल्क्रोने केला. रात्री तो काढून झोपायचं असे. दीड तास थोपटून, शूऽऽ करून, पंखा एकवर आणून मुलगी झोपली की मी पट्ट्याचं टोक धरायची. सेंटिमीटर सेंटिमीटर करत. चोर कुलूप उघडतो त्या शांततेने. आणि मधेच कुठेतरी: खर्रर्रर्र! मुलगी दोन्ही हात हवेत फेकून दचके, मग टाहो. कऱ्हाडच्या मे महिन्यात मी तीन रात्री तो पट्टा तसाच बांधून, घामाने निथळत, छताकडे बघत काढल्या. चौथ्या दिवशी अंगावर घामोळं आलं आणि आजी मधे पडली.

आजी 84 वर्षांची. पहिल्याच दिवशी ती ट्रंकेतून एक नऊवारी घेऊन आली होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत थांबा म्हटल्यावर ती भांडली नाही. "वाळू देत टाकं," म्हणाली आणि लुगडं उशाशी ठेवून दिलं, रांगेत पिशवी ठेवून नंबर धरतात तसं. जखम कोरडी झाल्यावर डॉक्टरांनी हलक्या हाताने बांधायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि तिचा नंबर लागला.

मी आजन्म विसरणार नाही ते बांधणं. तिने लुगड्याची लांब चौपदरी घडी केली, मला टेकवून बसवलं, "सोड श्वास" म्हणाली, आणि ओटीपोटाच्याही खालून पहिला वेढा घेतला. टाक्यांवर आधी मऊ सुती घडी. तिथे जरा घट्ट. दुसरा वेढा अर्धा पहिल्यावर, किंचित ढिला. तिसरा आणखी ढिला. प्रत्येक वेढ्याला ती आपला अंगठा आत सरकवून बघे. "अंगठा गेला पायजे," म्हणाली. "न्हाई गेला तर बाईचा जीव जातोय." बरगड्यांशी येईपर्यंत लुगडं नुसतं टेकलेलं. टोक आत खोचलं. ना वेल्क्रो, ना खर्रर्र. खाली घट्ट, वर सैल. कॉनराड जॉब्स्टला तलावात उतरावं लागलं होतं. आजीने सगळा पारा अंगठ्यावर मोजला.

त्या दुपारी ती माझ्याशेजारी पाय लांब करून बसली आणि काष्टा जरा वर सरकला. दोन्ही पोटऱ्यांवर दोरखंडासारख्या निळ्या गाठी. माझा प्रीतिसंगम त्यापुढे ओहोळ.

"हे कधीपासून, आजी?"

"तुझ्या धाकल्या काकाच्या टायमाला."

काका 58 वर्षांचा आहे.

"कुणाला दाखवलं नाहीस?"

"वर लुगडं हुतं की. कुणाला दिसतंय?"

मग बारशाला आलेल्या नवऱ्याबरोबर पुण्याच्या कपाटातली ती मांडवासारखी पहिली जोडी मागवली. डॉक्टरांनी आजीच्या पावलांची नाडी चाचपली, पायांत रक्त नीट उतरतंय याची खात्री केली, टेपने मापं घेतली. पायजम्याच्या नाडीने काढलेली मापं आजीच्या पायांना तंतोतंत जुळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला नवरा पिवळे हातमोजे घालून आजीच्या पलंगाशी गुडघे टेकून बसला. आजी तक्क्याला टेकलेली, पावलावर साडीच्या दुकानातली पिशवी. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तशीच मागे फिरली. आजीला त्याचं काही नव्हतं. ती तिच्या नातजावयाकडे बघत म्हणाली,

"वडा की, जावयबापू. आन् वरच्या अंगाला जरा ढिलं ठिवा."